बचावाची मुदत

संगणकावर आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांची परीक्षा करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि या व्यवसायात ज्या विद्येने माझे सर्वाधिक तास घेतले व जिच्याविषयी मला आजही सर्वाधिक आदर वाटतो, ती आलेला प्रहार चुकविण्याची किंवा परतविण्याची विद्या होय. पुण्यातील ज्या लहानशा कचेरीत मी काम करते तेथे खेळ तयार होत असताना त्यातील दोष हुडकावे, ते कोणत्या परिस्थितीत उद्भवतात याचा तपशील लिहून काढावा आणि तो रचनाकारांच्या दफ्तरी दाखल करावा, असा आम्हा टेस्टर मंडळींचा शिरस्ता आहे. पात्राचा पाय भिंतीत रुतणे, संवाद मध्येच तुटणे, दार न उघडणे असले दोष कोणत्याही सावध माणसाच्या नजरेस पडतात. परंतु शत्रूची तलवार अंगावर येत असताना खेळणाऱ्याला मिळालेली संधी न्याय्य होती की नव्हती, या प्रश्नाचा निवाडा ज्याला करावयाचा आहे त्याला ती संधी प्रथम स्वतः साधता आली पाहिजे, आणि ती साधता येण्यासाठी जी साधना करावी लागते तिचाच वृत्तांत मला येथे द्यावयाचा आहे.

हे खेळ ‘ॲक्शन आरपीजी’ या नावाने ओळखले जातात. जुन्या धाटणीच्या भूमिकाप्रधान खेळांत पात्राचा बचाव बहुतांशी आकड्यांच्या हवाली असे. चिलखताचे मूल्य किती, अंगचे चापल्य किती आणि यंत्राने मनातल्या मनात टाकलेल्या फाशाचे दान काय, यांवरून घाव लागला की हुकला हे ठरे, आणि खेळणाऱ्याच्या हाताला त्या निकालात फारसे स्थान नसे. ॲक्शन आरपीजीमध्ये आकडे राहिले, चिलखते राहिली, पायरीपायरीने पात्राचे सामर्थ्य वाढविण्याची हौसही राहिली. परंतु ऐन प्रसंगी सगळी भिस्त बोटावर येऊन पडू लागली. जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने 2009 साली ‘डेमन्स सोल्स’ आणि 2011 साली ‘डार्क सोल्स’ हे खेळ हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून या प्रकारच्या खेळांत बचावाला जी प्रतिष्ठा लाभली ती पुढे कमी झाली नाही.

पडद्यावरची हालचाल ही वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका असते. सेकंदाला 60 चित्रे दाखविणाऱ्या खेळात एक चित्र, म्हणजे एक फ्रेम, सुमारे 17 मिलिसेकंद टिकते. 30 दाखविणाऱ्या खेळात त्याच्या दुप्पट. शत्रूचा प्रत्येक वार या मापाने मोजला असता त्याचे तीन खंड पडतात: शस्त्र उगारण्याचा पहिला, ज्यात ते कोणाला इजा करू शकत नाही, शस्त्र खरोखर घातक असण्याचा दुसरा, जो बहुधा सर्वांत अल्प असतो, आणि फसलेल्या अगर लागलेल्या वारानंतर तोल सावरण्याचा तिसरा. या वाराविरुद्ध ढाल पुढे धरून तो सोसता येतो, पण प्रत्येक आघाताबरोबर पात्राचा दम खर्ची पडतो. कोलांटी घेऊन निसटता येते. त्या कोलांटीच्या आरंभी काही फ्रेमपर्यंत पात्राला कोणतेही शस्त्र बाधत नाही, आणि ‘आय-फ्रेम’ या नावाने प्रसिद्ध असलेली ही अभयाची मुदत अर्ध्या सेकंदाहूनही कमी असते. तिसरा मार्ग पॅरीचा: शत्रूचे शस्त्र नेमके पोचावयाच्या बेतात असताना आपल्या ढालीने वा शस्त्राने ते बाजूला उडविणे, ज्यायोगे शत्रू क्षणभर उघडा पडतो. पॅरीची मुदत सर्वांत आखूड आणि ती हुकल्याची शिक्षा सर्वांत कठोर असते.

ही मुदत ऐकून नवशिक्याची पहिली समजूत अशी होते की ज्याचे हात चपळ तोच येथे टिकेल. ही समजूत शरीरशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. डोळ्यांना दिसलेल्या एका खुणेला ठरलेल्या एका कृतीने उत्तर द्यावयास निरोगी तरुण मनुष्याला सुमारे 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. आणि खुणा अनेक व उत्तरेही अनेक असली तर हा काळ आणखी लांबतो, हे डोंडर्स या डच शास्त्रज्ञाने 1868 साली दाखवून दिले होते व हिक याने 1952 साली त्या वाढीचे गणितही मांडले. शत्रू उजवीकडून कापील, डावीकडून कापील, भोसकील किंवा झडप घालील यांपैकी काहीही संभवत असताना, पाते अंगापाशी आलेले पाहून मग कळ दाबू असे जो म्हणेल त्याचे बोट हलण्यापूर्वीच मामला आटोपलेला असतो. क्रिकेटमध्येही हीच स्थिती आहे. ताशी 140 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो, आणि लँड व मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या दृष्टीचा माग काढून 2000 साली जे प्रसिद्ध केले त्याचे तात्पर्य असे की चांगला फलंदाज चेंडूच्या मागे मागे डोळे फिरवीत राहत नाही. गोलंदाजाच्या हातून तो सुटल्यावर क्षणभर पाहून त्याची दृष्टी चेंडू जेथे टप्पा घेणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. बचाव करणाऱ्याला वेळ पुरतो तो त्याने वार होण्यापूर्वीच वाचावयास आरंभ केलेला असतो म्हणून.

खेळ अर्धवट अवस्थेत असताना बाहेरची माणसे बोलावून त्यांच्या हाती तो द्यावा आणि आम्ही मागे बसून टिपणे घ्यावी, अशीही एक पद्धत आमच्या धंद्यात आहे. यंत्र त्याच वेळी कोणती कळ नेमकी केव्हा दाबली गेली व शस्त्र नेमके केव्हा लागले याची नोंद ठेवीत असते. पॅरी फसलेला मनुष्य जवळजवळ नेहमी “उशीर झाला” असे म्हणतो, आणि नोंद पाहावी तर त्याने कळ बरीच आधी दाबलेली असते. त्याची ढाल उठून, झटका देऊन पुन्हा खाली येऊ लागलेली असताना तलवार येते, आणि तो उघडा सापडतो. हे मी इतक्यांदा पाहिले आहे की नवशिक्यांचा दोष उतावळेपणाचा असतो, मंदपणाचा क्वचितच असतो, असे मी आता निःशंकपणे म्हणू शकते. उगारलेले शस्त्र दिसले की जीव घाबरतो, घाबरलेला जीव काहीतरी करू पाहतो, आणि काहीतरी केल्याचे समाधान मिळविण्यासाठी तो आपली एकुलती संधी खर्चून टाकतो. पुढच्या खेपेस आपण उशीर केला या समजुतीने तो आणखी लवकर दाबतो, आणि अशा रीतीने प्रत्येक प्रयत्नागणिक खऱ्या मुदतीपासून दूर जात राहतो. अशा माणसापुढे मी यंत्राची नोंद ठेवते व एवढेच सांगते की पुढचे काही वार मुद्दाम उशिरा दाबून पाहा, घाव लागला तरी चालेल. उशीर म्हणजे काय याचा अनुभव आल्यावाचून लवकर म्हणजे काय हे त्याला उमगत नाही, आणि या दोन सीमा एकदा ठाऊक झाल्या की त्यांच्या मधली जागा सापडावयास वेळ लागत नाही.

वार आधीच कसा वाचावा हे मला जिथून उमगले तो प्रसंग सांगितला पाहिजे. आमच्या कचेरीत पात्रांच्या हालचाली रेखाटणारे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. वयाने सर्वांत वडील असल्यामुळे सगळेजण त्यांना काका म्हणतात. ते मूळचे कोल्हापूरचे, लहानपणी तालमीत मर्दानी खेळ शिकलेले, लाठी आणि दांडपट्टा फिरविलेले. मी कामावर नवीन असताना एका तलवारधारी शत्रूपुढे सारखी पडत होते, ते पाहून ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “अगं, पात्याकडं काय बघतीस? पातं शेवटी येतं. खांदा बघ त्याचा, मागचा पाय बघ. पाय रोवला की मग त्याला माघारी जाता येत न्हाई.” मग त्यांनी आपल्या मेजावर नेऊन तीच हालचाल एकेक चित्र पुढे सरकवीत मला दाखविली. शस्त्र वर जाण्यापूर्वी कंबर उलट दिशेला वळते. कंबर वळण्यापूर्वी भार मागल्या पायावर जातो. आणि एका विशिष्ट चित्रानंतर ती हालचाल दुसऱ्या कोणत्याही हालचालीत बदलू शकत नाही, मग समोरचा खेळाडू कोठेही गेलेला असो. त्या चित्रापर्यंत शत्रू मुखत्यार असतो; त्यानंतर तो आपल्याच वाराने बांधलेला असतो. बचावाचा सारा हिशेब त्या बांधले जाण्याच्या क्षणापासून करावयाचा असतो. 

मोठ्या हालचालीपूर्वी तिच्या विरुद्ध दिशेची एक लहान हालचाल दाखवावी, म्हणजे पाहणाऱ्याचे मन तयार होते, हा हस्तरेखांकित चलच्चित्रांचा जुना नियम आहे. डिस्नेच्या चित्रशाळेत आयुष्य घालविलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघा कलावंतांनी 1981 साली आपल्या ग्रंथात जी बारा तत्त्वे नमूद केली त्यांत त्याचा समावेश आहे. युद्धखेळांत या तत्त्वाला एक निराळीच जबाबदारी येऊन चिकटली. चित्रपटात पूर्वसूचना नसली तर दृश्य केवळ रुक्ष दिसेल; खेळात ती नसली तर अन्याय होतो. रेखाटणारा आणि खेळणारा यांच्यात येथे एक करार असतो, तो असा की घाव घालण्यापूर्वी मी तुला खूण देईन, आणि खूण दिल्यावर ती फिरविणार नाही. हा करार पाळला गेला आहे की नाही हे पाहणे, हेच माझ्या नोकरीचे सार आहे असे मी मानते.

‘डार्क सोल्स’ मी या दृष्टीने पुन्हा आरंभापासून खेळले, तेव्हा त्यातील ढालींविषयीचा विचार किती सूक्ष्म आहे हे कळले. अंगभर आडोसा देणाऱ्या थोरल्या ढालीने तेथे पॅरी करताच येत नाही. मध्यम ढालीने करता येते, पण मुदत तोकडी मिळते. आणि बक्लरसारखी तळहाताएवढी ढाल, जी सोसण्याच्या कामी अगदी कुचकामी, ती पॅरीला सर्वांत दीर्घ मुदत देते. म्हणजे ज्याला अधिक शिकावयाचे त्याने आडोसा कमी करावा, अशी ती योजना आहे. शिवाय कळ दाबताक्षणी ढाल काम करू लागत नाही. हात बाहेर फेकला जाण्यास काही फ्रेम लागतात, तेवढे आगाऊ धरावे लागतात. अंगावरच्या ओझ्याचाही असाच हिशेब आहे: एकंदर क्षमतेच्या एक चतुर्थांशाच्या आत वजन असले तर कोलांटी चपळ होते, निम्म्यापर्यंत मध्यम, आणि त्यापलीकडे पात्र धप्पकन आपटते. पुढे 2014 साली आलेल्या ‘डार्क सोल्स’च्या दुसऱ्या भागात तर कोलांटीतील अभयाची मुदतच एका स्वतंत्र गुणावर, ‘ॲडॅप्टेबिलिटी’वर, अवलंबून ठेवली गेली; माझ्या मते तो निर्णय योग्य नव्हता, कारण हाताने शिकावयाची गोष्ट आकड्याने विकत मिळू लागली म्हणजे शिकणाऱ्याला आपण सुधारलो की आपले पात्र सुधारले हे कळेनासे होते.

त्या पहिल्या ‘डार्क सोल्स’मधले काळे सरदार, ज्यांना ब्लॅक नाइट म्हणतात, हे माझे खरे शिक्षक. त्यांचे शस्त्र लांब, घाव भयंकर. पण त्यांचा खांदा प्रामाणिक आहे. त्यांच्यापुढे उभे राहून एकही वार न करता केवळ पाहत राहण्याचा परिपाठ मी ठेवला होता, आणि आजही कोणत्याही नव्या शत्रूची परीक्षा मी तशीच सुरू करते. पहिल्या काही लढाया जिंकण्यासाठी खेळावयाच्याच नाहीत. त्याच्याजवळ किती वार आहेत, कोणता वार कोणत्या अंतरावरून निघतो, दुसऱ्यानंतर तिसरा नेहमी येतो की कधी कधी येतो, हे पाहत पडावयाचे. ज्याच्या डोक्यात शत्रूचे प्राण घेण्याची घाई असते त्याला त्या शत्रूच्या फक्त प्राणांची पट्टी दिसते. खेळाच्या अखेरीस येणारा ग्विन हा राजा पॅरीने परतविता येतो, आणि तेथवर पोचलेले कितीतरी खेळाडू ढाल बाजूला ठेवून इतर उपायांनी त्याच्याशी झगडत राहतात. ज्याने काळ्या सरदारांपाशी उमेदवारी केली आहे त्याला मात्र त्या राजाची तलवार ओळखीची वाटते.

2015 सालच्या ‘ब्लडबोर्न’मध्ये ढाल जवळजवळ नाहीच. तेथे डाव्या हातात पिस्तूल असते, आणि शत्रूचा वार पोचण्याच्या किंचित आधी गोळी झाडली तर त्याचा तोल जातो. गोळ्या एका वेळी साधारणतः वीसच बाळगता येतात, आणि त्यामुळे प्रत्येक उतावळ्या प्रयत्नाची किंमत ताबडतोब जमाखर्चात दिसते. शिकण्याच्या दृष्टीने ही कंजुषी मला फार उपकारक वाटली.

तथापि या विद्येचा खरा ग्रंथ म्हणावा तर 2019 च्या मार्चमध्ये आलेला ‘सेकिरो’. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या, यादवीने पोळलेल्या जपानात तो घडतो. नायक एक निन्जा, हाती एकच तलवार, आणि दमाची पट्टी मुळी नाहीच. येथे प्रत्येक वार नेमक्या क्षणी तलवारीने परतवावयाचा, आणि तसे करीत गेले की शत्रूच्या प्राणांपेक्षा त्याचा तोल आधी ढासळतो. खेळाडूंनी मोजून काढलेल्या हिशेबाप्रमाणे ही मुदत सुमारे 200 मिलिसेकंदांची, म्हणजे बरीच उदार आहे. परंतु घाबरून कळ सारखी बडवीत राहिल्यास ती आखडत जाते. उतावळेपणावर बसविलेला हा कर मला अत्यंत विचारपूर्वक बसविलेला वाटतो, कारण तो खेळाडूला ओरडून काही सांगत नाही. नुसता आवाज बदलतो. वेळेवर परतविलेल्या वाराचा नाद तीक्ष्ण आणि मोकळा येतो, केवळ अडविलेल्या वाराचा बोदा. ओसाड देवळापाशी हानबेई नावाचा एक मनुष्य उभा असतो, ज्याला मरण येत नाही व जो आपले शरीर सरावासाठी नायकाला देऊ करतो. त्याच्याशी मी पडद्याकडे न पाहता, फक्त कानाने वेळ धरता येते का हे पाहण्यासाठी, पुष्कळ खेळले आहे. ध्वनीला मनुष्य दृश्यापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो हे प्रयोगसिद्ध आहे, आणि येथे त्याचा प्रत्यय येतो.

याच खेळात आशिना गडाच्या माथ्यावर गेनिचिरो या शत्रूशी जे युद्ध होते तेथे बहुतेक खेळाडूंची जुनी सवय मोडते. ‘डार्क सोल्स’ने शिकविलेले असते की वार आला की कोलांटी घे, मागे सर, अंतर ठेव; गेनिचिरो मात्र अंतर ठेवणाऱ्याला बाणांनी गाठतो आणि खेळाडू मागे सरला की आपला मोडीत आलेला तोल पुन्हा सावरतो. त्याच्यापुढे उभेच राहावे लागते. त्याच्या वारांच्या मालिकेत एक निश्चित लय आहे, आणि काही लढायांनंतर मला असे जाणवले की मी आता एकेका वाराला उत्तर देत नसून, तबल्याच्या साथीला बसलेला मनुष्य आवर्तनाच्या आरंभापासूनच समेकडे मन लावून असतो तशी, मालिकेच्या अखेरच्या वाराची वाट पाहत मधले वार परतवीत आहे. मधल्या एखाद्या वारी लाल अक्षर चमकते. ते धोक्याची सूचना देते, पण धोका भोसकण्याचा, पाय कापण्याचा की पकडण्याचा हे सांगत नाही. ते खांद्यावरूनच ओळखावे लागते, कारण भोसकण्यावर पुढे पाऊल टाकून शस्त्र पायाखाली दाबावयाचे, पायावरच्या वाराला उडी मारावयाची आणि पकडीपासून निसटावयाचे, अशी उत्तरे तिन्ही निरनिराळी आहेत. मियामोतो मुसाशी या तलवारबहाद्दराने 1645 च्या सुमारास लिहून ठेवलेल्या युद्धशास्त्रात लयीला मोठे स्थान दिले आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहणे व शत्रूचा आशय पाहणे यांत भेद करून दुसऱ्याला श्रेष्ठ ठरविले आहे. काकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना त्यात काही नवल वाटले नाही.

पूर्वज्ञानाची पराकाष्ठा पाहावयाची असेल तर ती भूमिकाप्रधान खेळांच्या बाहेर, त्यांच्या भाऊबंदांत सापडते. 2004 साली कॅलिफोर्नियातील इव्हो स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर’च्या तिसऱ्या मालिकेतील एका सामन्यात दाइगो उमेहारा याच्या पात्राचे प्राण इतके थोडे उरले होते की अडविलेल्या वारानेही तो हरला असता, आणि जस्टिन वाँगने पंधरा आघातांचा महाप्रहार सोडला; उमेहाराने ते पंधराही आघात परतविले व सामना जिंकला. त्यातील पहिला आघात परतविण्याची कळ तो महाप्रहार दिसून मग दाबण्यासारखी नसते. प्रतिस्पर्धी या स्थितीत हेच करणार हे त्याने ओळखले होते. त्या सामन्याचे चलच्चित्र आमच्याकडे नव्या टेस्टरला पहिल्या आठवड्यात दाखविले जाते, आणि दाखविताना मी पंधराव्या आघातापेक्षा पहिल्याकडे लक्ष देण्यास सांगते.

या सर्व शिक्षणाला सुरुंग लावला तो 2022 सालच्या ‘एल्डन रिंग’ने. स्टॉर्मव्हेल गडाच्या वाटेवर मार्गिट नावाचा जो पहिला बलाढ्य शत्रू आडवा येतो तो आपला सोटा वर उचलतो आणि तसाच धरून ठेवतो. उचललेले शस्त्र पाहून कोलांटी घेण्याची सवय ज्यांच्या अंगी मुरली होती ते सारे कोलांटी घेऊन उठत असतानाच सोटा खाली येतो. जुने खेळाडू यावर रागावले, आणि करार मोडला असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते म्हणणे पटत नाही. मार्गिट खोटी खूण देत नाही. तो खूण उशिरा देतो. सोटा वर जाणे ही खूण नव्हेच. तो खाली येऊ लागण्यापूर्वी त्याचे सारे शरीर पुढे कलते, ती खूण आहे, आणि ती पाहून निसटावयास पुरेसा वेळ असतो. ज्यांनी हालचाल पाहण्याऐवजी तिची सुरुवात पाठ केली होती त्यांनाच फक्त तो फसवितो. माझ्या स्वतःच्या कामात याचा परिणाम असा झाला की नव्या खेळाची परीक्षा घेण्यापूर्वी मी आधीच्या खेळातील हात विसरविण्यासाठी मुद्दाम वेळ राखून ठेवू लागले.

एका व्यावहारिक गोष्टीचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे, कारण तिच्या अज्ञानामुळे पुष्कळ मेहनती माणसे निष्कारण खचतात. दूरचित्रवाणी संच चित्र अधिक सुबक करण्यासाठी त्यावर जे संस्कार करतो त्यांना वेळ लागतो, आणि तेवढा वेळ खेळणारा शत्रूचे भूतकाळातील चित्र पाहत असतो. संचात ‘गेम मोड’ नावाची सोय असते ती चालू केली की हे संस्कार बहुतेक बंद होतात. पॅरी जमत नाही अशी तक्रार घेऊन जो येतो त्याला मी त्याच्या बोटांविषयी विचारण्याआधी त्याच्या संचाविषयी विचारते.

अलीकडे, 2025 च्या एप्रिलमध्ये, फ्रान्समधील मोंपेलिये येथील सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या संस्थेचा ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन 33’ हा खेळ आला, आणि त्याने ही विद्या पाळीपाळीने लढावयाच्या जुन्या पद्धतीच्या खेळात आणून बसविली: आपली पाळी स्वस्थपणे विचार करून खेळावयाची, पण शत्रूची पाळी आली की त्याचा प्रत्येक घाव वेळ साधून चुकवावा किंवा परतवावा लागतो. चुकविण्याची मुदत त्यात मोठी आहे, परतविण्याची लहान. आणि चुकविणे अगदी नेमक्या क्षणी झाले तर खेळ तसे सांगतो, म्हणजे त्या जागी पॅरीही साधली असती हे शिकणाऱ्याला घाव न खाता कळते. शिकविण्याची इतकी दयाळू रीत मी दुसऱ्या कोणत्या खेळात पाहिली नाही, आणि आमच्या कचेरीत जो वाद त्याच सुमारास चालला होता त्यात मला तिचा उपयोग झाला.

वाद आमच्या खेळातील एका भालाईत पहारेकऱ्यावरून होता. बाहेरून बोलावलेल्या खेळाडूंना त्याची फेक परतविता येईना, आणि पॅरीची मुदत दीडपट करावी असा वरून प्रस्ताव आला. नोंदी पाहता कळ दाबण्याच्या वेळा कोठल्याही एका जागी गोळा झालेल्या दिसेनात. त्या सर्वत्र विखुरलेल्या होत्या. मुदत आखूड असते तेव्हा वेळा तिच्या कडेशी दाटतात. त्या विखुरतात तेव्हा खेळाडूला कशाची वाट पाहावयाची हेच कळलेले नसते. मी तसे टिपण लिहिले, मुदतीला हात लावू नये अशी विनंती केली, आणि काकांनी तो पहारेकरी नव्याने रेखाटला: मागला पाय रोवण्याच्या जागी तीन चित्रे वाढविली, खांदा थोडा अधिक वर नेला, आणि भाल्याचा दांडा मुठीत सरकल्याचा एक खरखरीत आवाज त्याच क्षणावर बसविला. एकंदर वार फारसा लांबला नाही. पुढच्या चाचणीत नव्या माणसांच्या कळा त्या आवाजापाठोपाठ एका ठिकाणी जमू लागल्या. काही लवकर, काही उशिरा, पण सगळ्या एकाच क्षणाच्या आसपास. ज्यांचे हात किंवा दृष्टी अधू आहे त्यांच्यासाठी मुदत वाढविण्याची मुभा सेटिंग्जमध्ये स्वतंत्रपणे ठेवली, आणि ती ठेवावी असा माझाच आग्रह होता. पहारेकऱ्याच्या नोंदीपुढे ‘निकाली’ असा शेरा मारून मी आता पुढचा शत्रू हाती घेतला आहे. तो दोन हातांत दोन शस्त्रे घेऊन येतो, आणि त्याच्या डाव्या खांद्यावर काकांचे काम अजून चालू आहे.